चहाचे दोन हॉर्न

आमच्या ह्यांचं गॅरेज खाली, संसार वर. चहा हवा असला की हे दुरुस्तीला आलेल्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजवायचे. "तोंडाला काय झालंय?" मी जिन्यातून ओरडायचे. "तोंड कामात आहे अगं," खालून उत्तर यायचं. मला चीड यायची, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

मग शहरात आवाजाचे नियम आले. फाटक्या सायलेन्सरला दंड, विनाकारण हॉर्नला दंड. हे खूश झाले, कारण सायलेन्सर बसवणं हेच त्यांचं काम. गिऱ्हाइकांची रीघ लागली. पण समोरच्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त झाल्या तरी साऱ्या गल्लीला वर्गच समजतात. त्यांना गाड्या तपासतानाचा आवाजही खपेना. त्यांनी तक्रार केली. एक माणूस मीटर घेऊन आला, आवाज मोजला आणि ताकीद देऊन गेला. पुन्हा तक्रार आली तर गॅरेजला कुलूप.

तेव्हापासून हे शटर पाडून काम करू लागले. शटरखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या, मागच्या झरोक्यावर जुनी गादी ठोकली.

"आणि धूर कुठून जाणार?" मी विचारलं.

"जरा वेळ तर चालवायची असते गाडी. उगाच डोकं खाऊ नकोस."

हॉर्नही बंद झाला. मी आपली अंदाजाने चहा नेऊ लागले.

त्या दुपारी आत एक टॅक्सी होती. आधी थोडी घरघर ऐकू आली, मग तीही थांबली. सायलेन्सर नीट बसला वाटतं, म्हणून मी कौतुकाने हसले आणि गच्चीवर धुणं वाळत घालून आले. भांडी लावताना फळीवरच्या पेल्यांना हात लागला, तर पेले थरथरत होते. म्हणजे इंजिन चालूच होतं. इतका वेळ?

जिना कसा उतरले ते आठवत नाही. शटर वर ढकललं तसा कोंडलेला धूर अंगावर आला. हे टॅक्सीखाली उताणे पडलेले, नुसते पाय बाहेर.

"अहो! अहो, ऐकताय ना?"

किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पाय धरून ओढायला गेले, पण ते वजन मला एकटीला आवरेना. हाक मारावी तर धुराने घसा आवळलेला, आवाजच फुटेना. मी टॅक्सीच्या खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही.

समोरचं दार आपटलं. बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या. "नियम तुम्हाला लागू नाहीत का हो? आता कुलूपच लावायला सांगते..." शटरपाशी त्या थबकल्या. त्यांना ते पाय दिसले.

त्यांनी माझा हात बाजूला केला. "तू ओढ त्याला," म्हणाल्या, आणि हॉर्नवर स्वतःचा हात दाबून उभ्या राहिल्या.

मी ओढत राहिले. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. "बंद करा तो हॉर्न!" लोक ओरडत होते. खाली अजून कोणीच आलं नव्हतं.