मागली काच

सुमंगलेनं बटाटा मधोमध चिरला आणि त्याची ओली फोड मोटारीच्या पुढच्या काचेवर घासायला घेतली.

"म्या पुसलीय की, वहिनीसाहेब," चंद्रभान म्हणाला. तो जिनिंगवाल्या शेठचा ड्रायव्हर. मोटारही शेठचीच, आजच्यापुरती मागून आणलेली.

"नुसती पुसली तर दव परत धरतं. यानं धरत नाही."

जिंतुरात अंगणातली तुळसही दिसू नये असं धुकं उतरलं होतं. मोटारीच्या रेडिएटरात तिनं कढत पाणी घालायला लावलं, भोंगा वाजवून पाहायला लावला. काल हळदीत बुडवून वाळवलेलं फडकं फाडून दोन्ही दिव्यांवर बांधायला दिलं. पिवळा उजेड धुक्यात लांब जातो, असं तिनं कॉलेजात असताना कुठंतरी वाचलं होतं.

"दिव्यांस्नी हळद लागली. आता मोटारीचं लगीनच लावा म्हना!" चंद्रभान म्हणाला.

नणंद कावेरी हसली. सुमंगला हसली नाही. हसलं की खोकला येई.

दिवाळीत डॉक्टरांनी क्षय सांगितला. तेव्हापासून तीन वर्षांचा बन्सी तिच्या कुशीत आला नव्हता. तो किती घास जेवला, हे ती दाराआडून बघे. आज कावेरी त्याला आपल्याकडे हैदराबादला नेणार होती. परभणीहून आगगाडी होती. परत कधी, हा विषय घरात कुणी काढला नव्हता. तिचे यजमान गोविंदराव ट्रंक बांधून झाल्यावरही दोरी ओढत पाठमोरेच उभे होते.

"आतून तुम्ही घासा, वन्सं. दुसरा बटाटा घ्या, याला माझा हात लागलाय."

मागच्या सीटवरून बन्सीनं विचारलं, "आई, तू कुठं बसणार?"

"आई मागच्या मोटारीत येणारय, राजा," कावेरी घाईनं म्हणाली. "तू मागं बघत बस."

गावात दुसरी मोटार नव्हती. बन्सी गुडघ्यांवर उभा राहिला. त्याच्या श्वासानं मागची काच दुधासारखी झाली. त्यावर त्यानं पंजा टेकवला.

बटाटा घेऊन सुमंगला मागं आली. तिनं बाहेरून त्या पंजावर आपला हात ठेवला. त्याचा पंजा तिच्या तळव्यात मावून वर जागा उरली. काच गार होती.

"हां, तेवढी मागली राहिलीय बघा," हँडल मारता मारता चंद्रभान म्हणाला. "चोळा की. लेकराला मागचा रस्ता दिसंल."

तिनं हात काढून घेतला.

"राहू द्या."

"आवं, आत्तापर्यंत माझ्या मागं लागला होता..."

"राहू द्या म्हटलं ना."

इंजिन धडधडलं. दोघांच्या हातांनी पुसलेल्या जागेतून बन्सीचा एक डोळा दिसत होता. ती जागा दवानं पुन्हा भरेपर्यंत सुमंगला तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "काढा आता गाडी."