खुणेच्या वरचं तेल

गाडीपेक्षा गाडीबरोबर आलेली माणसं दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो, हे माझं जुनं रडगाणं. परवा एक ताई वडिलांना घेऊन माझ्या गॅरेजवर आली तीच निकाल लावून. "दोन महिने झाले, बाबा हिरव्या दिव्यावर नुसते बसून राहतात. गिअर टाकायचंच विसरतात. एकदा तपासून द्या, गाडी विकायचीय."

बाबा म्हणजे निवृत्त कंपाउंडर. ते बाजूला उभे होते.

मी एक चक्कर मारली. गाडी ऑटोमॅटिक. गिअर टाकला तरी इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि गाडी तीन-चार सेकंदांनी हलायची. परत आलो, इंजिन चालूच ठेवून गिअरच्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी ओढली. जवळजवळ कोरडी, आणि टोकाला लागलेलं तेल करपून काळं झालेलं. खाली वाकून पाहिलं तर गळतीचा थेंब नाही. पाणी कुठं मुरतंय कळेना.

"गळत नाही ते," कंपाउंडर म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी मीच काढलं. पट्टी बघितली तर तेल खुणेच्या बरंच वर. मग सिरिंजला नळी लावली आणि बरोब्बर खुणेवर आणलं. सकाळ गेली त्यात."

"इंजिन बंद ठेवून बघितलंत?"

"मग? चालू इंजिनात हात कोण घालणार?"

मी कपाळावर हात मारला. इंजिन बंद केलं की आतलं फिरतं तेल खाली उतरतं आणि पट्टी जास्त दाखवते. जन्मभर औषध खुणेबाहेर जाऊ न देणाऱ्या माणसानं गिअरबॉक्स उपाशी ठेवला होता.

"बघा!" ताई म्हणाली. "हे असं करतात."

मला रागच आला. "ताई, चूक यांची आहे, पण विसरभोळेपणा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं दोघं एकच निघाले."

जुनं तेल काढलं, नवं भरलं. इंजिन गरम होऊ दिलं, सगळे गिअर फिरवून पार्किंगवर आणले आणि चालू इंजिनावरच पट्टी बघितली. तेल खुणेवर होतं.

मग कंपाउंडरांना चालवायला बसवलं. मी शेजारी, ताई मागे. गिअर टाकताच गाडी निघाली. वळणावर त्यांनी ती कडेला घेतली.

"म्हणजे मी गिअर टाकत होतो?"

"रोज टाकत होता."

"मग बाबा, तसं सांगायचं ना मला!" ताई मागून पुढे झुकली.

"पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं," ते समोर बघत म्हणाले. "पण तू इतकं प्रेमानं समजावलंस, की मलाच वाटायला लागलं, आपण विसरत असू."