रिकाम्या रकान्याचं वय

"माधुरी, बघ ना यार! आमच्या गावमंडळाच्या पानावर सीताराम पणजोबा एकशे त्रेचाळीस वर्षांचे. अजून ठणठणीत!" नितेश पोट धरून हसत होता.

मालाडच्या ऑफिसात दोघं विकीसाठी, म्हणजे कुणीही पानं करावी-बदलावी अशा संकेतस्थळासाठी, सूत्रांची भाषा बनवत होते, कुणालाही लिहिता येईल अशी साध्या मराठीतली. वयाचं सूत्र माधुरीचं: मृत्यूची तारीख असेल तर तिथवर मोज, रकाना रिकामा असेल तर आजपर्यंत.

"रिकामं म्हणजे जिवंत, हे ठरवलं कुणी गं? तिथे 'माहीत नाही' येऊ दे. सोमवारी नियम बदलू."

कुणी म्हणजे माधुरीनेच. आकाशसाठी.

आकाश तिचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी मित्रांबरोबर आक्साच्या समुद्रात उतरला तो गेलाच. त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. विकीवर घरच्या माणसांचं पान करताना त्याच्या मृत्यूच्या रकान्यात काही लिहायला तिचा हात धजेना. झालं! बाविशीत गेलेला पोरगा दर वाढदिवसाला वर्षाने मोठा होऊ लागला. आई, द्रौपदी, सकाळी चहा घेताना घाटकोपरच्या खोलीत ते पान उघडायची. "अठ्ठाविसाचा झाला गं," म्हणायची. मेलं ते सूत्र! घरात भूत पाळलं होतं त्याने, आणि त्याला खाऊपिऊ घालत होती माधुरीच.

आता सोमवारी आईला तिथे 'माहीत नाही' दिसणार. त्यापेक्षा आपणच तारीख घालावी. पान केल्यापासून ती तिथे फिरकलीच नव्हती; आज तिने दात आवळून ते उघडलं आणि कामाच्या सवयीने आधी जुने बदल पाहिले. विकीत कुणी काय लिहिलं, काय पुसलं, सगळं राहतं.

गेल्या वर्षी, चौदा जून, आकाश गेला तोच दिवस. द्रौपदी: मृत्यूची तारीख लिहिली. चार मिनिटांनी पुसली. त्याच्या आदल्या वर्षी, चौदा जूनलाच, लिहिली. सहा मिनिटांनी पुसली. त्याच्याही आदल्या वर्षी तेच. आणि दर वेळी पुसण्याच्या कारणात एकच ओळ: 'माधुरीला नाही सोसायचं.'

माधुरी हुंदका आवरू शकली नाही. तिने फोन लावला.

"आई, मी घरी येतेय. ती तारीख आपण दोघी मिळून घालू."

पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"ये," आई म्हणाली. "चहा टाकते. फक्त आजचा दिवस आकाशचाही कप मांडते."