रेषेतलं भोक

मंगळवारी दुपारी कोरीनने मला कार्यशाळेच्या वरच्या मजल्यावर बोलावलं आणि दार लावून घेतलं. कोरीन आमच्या संघाची इंजिनिअर. तिच्या समोर तीन पडदे आणि त्यांवर गाडीतल्या सेन्सरनी टिपलेल्या रंगीत रेषा. एरवी ती बडबडी, पण त्या दिवशी नुसतीच खुर्ची पुढे सरकवली.

"हॉइट, ही डेल्मरची रेष. गेल्या महिन्यातली. तिसऱ्या वळणाला ॲक्सिलरेटरवरून पाय कुठे उचलतो बघ."

बघायची गरज नव्हती. डेल्मर हफस्टेटलर गाडी चालवतो तेव्हा मी प्रेक्षकांच्या गॅलरीवरच्या छपरावर उभा असतो आणि रेडिओवरून त्याच्या कानात बोलत असतो. आत कोण आलं, बाहेर कोण आहे, पुढे कुणाची गाडी गरगरली. लोखंडी पिंजऱ्यात अडकलेल्या माणसाला मागचं-बाजूचं दिसत नाही. ते त्याला माझ्या तोंडून दिसतं. दोघं मिशा फुटायच्या वयाचे होतो तेव्हापासून हेच चाललंय. तो पाय कुठे उचलतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

"आणि ही परवाच्या रविवारची," ती म्हणाली.

पहिल्या रेषेत प्रत्येक फेरीला पाय एकाच जागी उठत होता. दुसरीत कधी अलीकडे, कधी पलीकडे. पण तिने बोट ठेवलं ते निराळ्याच ठिकाणी. तिथे काहीच हलत नव्हतं. पाय नाही, हात नाही. ताशी पावणेदोनशे मैलांवर सुद्धा माणसाचे हात स्टीअरिंगवर सतत बारीक थरथरत असतात. पडद्यावर ती थरथर केसाएवढी दिसते. इथे ती थांबली होती आणि अर्ध्या सेकंदाने परत सुरू झाली होती.

"एवढ्या वेळात गाडीत कोण होतं?" कोरीनने विचारलं.

त्याच्या आदल्या शर्यतीत डेल्मर भिंतीवर आदळला होता. फार मोठा अपघात नव्हता. तो स्वतः खिडकीतून बाहेर आला, लोकांना हात केला, दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि सोडून दिलं.

आमचा प्रमुख गार्लंड. त्याला रेष दाखवली तर म्हणाला, "सेन्सर बिघडलाय. बदला." सेन्सर बदलला. बुधवारी सरावाला नवीन सेन्सरनेही तेच दाखवलं. मग गार्लंड म्हणाला, "वायर बघा."

मी डेल्मरला गाठलं ते बार्बेक्यूच्या दुकानात. त्याच्या पुढ्यात डुकराच्या मांसाची थाळी तशीच पडली होती आणि गोड चहातला बर्फ वितळला होता.

"तुझ्या डोक्यात काय चाललंय?" मी म्हटलं.

"माझ्या डोक्यात कधी काही चाललंय का? तुझी बायको तर म्हणते, डेल्मरच्या हेल्मेटला आत कापूस भरायची गरजच नाही, डोकंच कापसाचं आहे."

"मस्करी नको. तिसऱ्या वळणाला काय होतं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आवाज जातो," तो हळूच म्हणाला. "इंजिनाचा. सगळं एकदम शांत होतं. बरं वाटतं रे खरं तर. मग परत येतो आवाज."

"डेल्मर, डॉक्टरकडे चल."

"चल. मी कुठे नाही म्हणतोय? पास होईन मी."

आणि झालाही. शुक्रवारी तो, मी आणि कोरीन, तिघे गेलो. डॉक्टरांनी त्याला सरळ रेषेत चालवलं, पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले. सगळं बरोबर. कोरीनने लॅपटॉप पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मी माणसं तपासतो, बाई. हे मला वाचता येत नाही." वाईट नव्हता तो माणूस. त्याच्या समोर बसलेला डेल्मर खरोखर ठणठणीत होता.

रविवारी छपरावर चढलो. सगळ्या संघांचे स्पॉटर, म्हणजे माझ्यासारखे कानात बोलणारे, तिथे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे असतात. माझ्या शेजारी क्रम्प होता, गळ्यात दुर्बीण आणि हातात छोटा पडदा. आमच्या शर्यतींत प्रत्येक गाडीच्या रेषा त्याच क्षणी सगळ्या संघांना दिसतात, लपवाछपवी नाही. हे मला ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला तो क्रम्प बोलल्यावर.

"तुमच्या पोराच्या रेषेत भोक पडलंय," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळ्यांनी पाहिलंय." मग म्हणाला, "तिसऱ्याला आतली बाजू मोकळी सोडतो तो. तिथून गाडी पुढे काढ म्हणून आमच्या पोराला सांगितलंय. रागावू नकोस."

मी ओळीवरून नजर फिरवली. कुणी चुइंगम चघळत होतं, कुणी टोपी सारखी करत होतं. माझ्या नजरेला नजर कुणी दिली नाही. एवढ्या जणांना ठाऊक होतं, आणि त्या माहितीचं त्यांनी एवढंच केलं होतं. 

शर्यत सुरू झाली. डेल्मर छान चालवत होता, तेच जास्त भीतीदायक होतं. पण दर थोड्या फेऱ्यांनी तिसऱ्या वळणाला कुणीतरी आतून निघून जायचं, ठरवून दिल्यासारखं. मी "आत! आत आहे!" म्हणून ओरडायचो आणि उत्तर यायचं ते गाडी पुढे निघून गेल्यावर.

"वाढतंय," कोरीनचा आवाज माझ्या दुसऱ्या कानात आला. "हॉइट, आता पूर्ण सेकंद झाला."

"गार्लंड, त्याला ट्रॅकवरून आत घे, आपल्या जागेवर," मी म्हटलं.

"पाचवा आहे तो! पाचव्या नंबरच्या गाडीला आत घेऊ? डॉक्टरचा कागद आहे आपल्याकडे."

तेवढ्यात डेल्मर स्वतःच बोलला. आवाज एकदम हलका, तरुण.

"हॉइट, आज धूळ फार आहे रे."

मी खाली पाहिलं. काळं डांबर उन्हात चकाकत होतं. त्या ट्रॅकवर धुळीचा कणही नव्हता.

"बड मागे आहे का?" त्याने विचारलं.

बड आमच्या गावाकडच्या मातीच्या ट्रॅकवर डेल्मरशी भांडभांडून शर्यत खेळायचा. त्याला गाडी सोडून जमाना झाला होता. तो आता टायरचं दुकान चालवतो. डेल्मर कुठे होता ते मला कळलं. हातापायांना वळणं पाठ होती म्हणून ते गाडी फिरवत होते, आणि बाकीचा तो विशीतल्या एका संध्याकाळी धुळीत शर्यत लावत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, चाळीसेक हजार किलो लोखंड पळत होतं.

"आत ये" म्हटलं तर तो ऐकणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वयातला डेल्मर कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

"डेल्मर," मी म्हटलं, "झेंडा पडला. जिंकलास तू."

"खरंच?"

"खरंच. बड पार मागे राहिला. आता हळू कर. खाली, आतल्या बाजूला घे. तसंच. सावकाश."

"काय बोलतोयस तू!" गार्लंड किंचाळला. मी रेडिओवरचा त्याचा चॅनल बंद केला.

शेजारी क्रम्पने माझं ऐकलं असावं. तो आपल्या माईकमध्ये ओरडला, "त्याला जागा द्या! बाहेरून जा, सगळे बाहेरून!" मग ओळीतले एकेक जण तेच ओरडू लागले. खाली गाड्यांचा थवा फाटला आणि मधून डेल्मरची निळी गाडी हळूहळू खाली उतरली. खिडकीच्या जाळीतून त्याची मूठ बाहेर आली होती, जिंकल्यावर काढतात तशी. आमच्या संघाची थांबायची जागा ओलांडून तो पुढे गेला, भिंतीशी थांबला आणि इंजिन चालूच राहिलं. ते बंद केलं रुग्णवाहिकेच्या माणसांनी.

मेंदूत रक्त साचत होतं. थोडं थोडं, आदळल्या दिवसापासून. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. तो वाचला. डावा हात अजून पूर्वीसारखं घट्ट धरत नाही, आणि गाडी आता आयुष्यात नाही. गार्लंडने त्याच आठवड्यात दुसरा ड्रायव्हर बसवला. कोरीन संघ सोडून गेली, मी पण.

पानगळीच्या दिवसांत एकदा त्याच्या घरी गेलो. व्हरांड्यात बसला होता, मांडीवर घोंगडी. त्या रविवारचं त्याला काहीच आठवत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. छपरावरच्या ओळीचं, तिसऱ्या वळणाचं, ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांचं. वाटलं, चिडेल. दोन-चार नावांना शिव्या घालेल, मग मलाही घालता येतील.

त्याने उजव्या हाताने घोंगडी वर ओढून घेतली.

"दुसऱ्याच्या रेषेत भोक दिसलं असतं ना हॉइट," तो म्हणाला, "तर तू मला सांगितलं असतंस. आणि मी आतून काढली असती गाडी."

 आतल्या खोलीत टीव्हीवर शर्यत लागली होती. त्याने मला आवाज मोठा करायला सांगितलं.