कणकेचा मान

मित्रांनो, माझा निम्मा आवाज माझा नाही. मी कान्हे गावच्या देवळातला जुना पखवाज. खोड फणसाचे, दोन्ही तोंडांवर चामड्याची पुडी. उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या पुडीवर मात्र प्रत्येक भजनापूर्वी ओली कणीक थापावी लागते, नाहीतर खर्जाचा नाद पोकळ येतो. मावळात पिकतो भात, गहू दुर्मीळ. म्हणून दर सोमवारी एका घराने मूठभर कणीक आणायची, असा मान क्रमाने ठरलेला होता.

१९१८ साली मानमोडीच्या तापाची साथ आली. गावातल्या धोंडाबाईंचा नवरा आणि दोन्ही मुलगे आठवड्यात गेले. चार महिने मी खुंटीवर होतो. तेव्हा मला काही वाटले, असे म्हणता येणार नाही.

भजन पुन्हा सुरू झाले, तेव्हा मला वाजवणाऱ्या कोंडाजींनी धोंडाबाईंचे घर क्रमातून वगळले. हेतू दयेचा होता. परिणाम असा झाला, की काय बोलावे हे न सुचून लोक त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागले.

एका सोमवारी, दिवस मावळण्यापूर्वी, धोंडाबाई देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. तळहातावर कणकेचा गोळा होता.

"कोंडाजीभाऊ, माझ्या घराचा मान कुनी काढला?"

"तसं न्हाई, वयनी. तुमच्यावर येवढं..."

"मानसं गेली. घर हाय न्हवं अजून?"

टाळकरी गेणूने गोळा चाचपला. "लय पातळ मळलीया, वयनी."

"चार म्हैन्यांनी मळलीया, गेण्या. तू मळून दाव."

कोणीतरी हसले. साथीनंतर त्या देवळातले ते पहिलेच हसू.

कोंडाजींनी तीच कणीक माझ्यावर थापली. धोंडाबाई बायकांच्या ओळीत बसल्या. तिसऱ्या चरणाला त्यांचे ओठ हलले; पाचव्याला आवाज आला, बेसूर आणि एक मात्रा मागे. कोंडाजींनी लय तेवढी संथ केली. सगळे थांबत थांबत त्यांच्याबरोबर गायले.

एकत्र गाण्याने दुःख बरे होते, असा माझा दावा नाही. त्यांची माणसे परत आली नाहीत. इतकेच नोंदवतो, की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायकांनी त्यांना हाक मारली, आणि पुढची बावीस वर्षे त्यांचा मान एकदाही चुकला नाही.

आता माझी पुडी फाटली आहे. मला कोरड्या जागी ठेवा, एवढे पुरे. पण मित्रांनो, दुःखात बुडालेल्या घराला क्रमातून वगळू नका. कणीक पातळ असली तरी चालते. लय थोडी संथ करावी लागते.