डिटेक्टर काढणार नाही

इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात नीलांबरी देशकरला सगळे ओळखायचे ते तिच्या मोटरसायकलमुळे. पंचेचाळिशी ओलांडलेली, आठवडाभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारी ही नागपूरची बाई शनिवारी लेदर जॅकेट चढवते आणि नवऱ्याला मागे बसवून भटकायला निघते, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नसे. "नीलू, आता वय झालं गं," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "म्हणून तर घाई आहे."

तिला वेग आवडायचा आणि ते ती लपवतही नसे. हँडलवर तिने रडार डिटेक्टर बसवून घेतला होता. पुढे कुठे पोलिसांची स्पीड गन चालू असली की तो आधीच इशारा द्यायचा. आता मोटरसायकलवर, वाऱ्याच्या त्या घोंघाटात, त्याची पीं-पीं काय कपाळ ऐकू येणार! म्हणून हेल्मेटच्या आत, उजव्या भुवईपाशी, डिटेक्टर वाजला की लागणारा एक लाल दिवा चिकटवलेला. कधीकधी एखाद्या दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही तो फसायचा, पण नीलांबरी दर वेळी वेग कमी करायची.

त्या शनिवारी ती आणि संजय गलीना गावाच्या बाजूला निघाले होते. मक्याची शेतं मागे पडली, टेकड्या सुरू झाल्या आणि रस्ता मोकळा मिळाल्यावर तिने गाडी मनसोक्त सोडली. एका छोट्या गावाच्या अलीकडे दिवा लागला. तिने वेग उतरवला. वळणापलीकडे ताशी पस्तीस मैलांच्या लिमिटची पाटी होती आणि पाटीमागे पोलिसांची गाडी. नीलांबरी शांतपणे पुढून गेली. क्षणभरात मागे निळे-लाल दिवे फिरू लागले.

तरुण अधिकारी उतरून जवळ आला. त्याची नजर थेट हँडलवर गेली.

"हे यंत्र बेकायदेशीर आहे, मॅडम. काढून माझ्याकडे द्या."

"मोठ्या ट्रकवाल्यांना बेकायदेशीर आहे," नीलांबरी हेल्मेट काढत म्हणाली. "इलिनॉयमध्ये खाजगी गाडीवर चालतं. माझा स्पीड किती आला?"

तो जरा घुटमळला. "चौतीस."

"मग थांबवलं कशासाठी?"

"वळणाआधी तुम्ही नक्कीच जोरात होतात. याच्यामुळे हळू झालात."

"हळूच व्हायला हवं होतं ना? झाले."

मागून संजयने तिच्या जॅकेटची बाही ओढली. "नीलू, देऊन टाक यार," तो मराठीत कुजबुजला. "ग्रीन कार्ड अडकलंय आपलं. कशाला पंगा?"

"काय बोलताय? इंग्लिशमध्ये बोला," अधिकारी म्हणाला.

"नवरा घाबरलाय, तेवढंच बोलतोय," नीलांबरी म्हणाली. तिने हातमोजे काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवले. "हे बघा, मी तुम्हाला अडवणार नाही. पण स्वतःच्या हाताने काढून देणारही नाही. तुम्हीच काढून न्या, आणि कुठल्या कायद्याने नेताय ते तुमच्या छातीवरच्या कॅमेऱ्यासमोर सांगा."

त्याचे कान लाल झाले. गाडीत बसून तो बराच वेळ वायरलेसवर बोलला. संजय रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालू लागला. अखेर दुसरी गाडी आली. तिच्यातून पिकल्या केसांच्या सार्जंट बाई उतरल्या. त्यांनीही स्पीड विचारला, लिमिट विचारली, आणि त्या तरुणाकडे नुसतं पाहिलं.

"तुम्ही जाऊ शकता," त्या नीलांबरीला म्हणाल्या. मग डिटेक्टरकडे बोट दाखवून, "एखाद्या दिवशी हा उशिरा सांगेल बरं का."

"त्या दिवशी दंड भरीन," नीलांबरी म्हणाली. "चूक माझी असेल तर भरीनच."

गावातल्या कॉफीच्या दुकानात बसल्या बसल्या संजयने कप बाजूला सारला. मग फुटला. "इतकी वर्षं मान खाली घालून राहिलो आपण. एवढ्याशा डबड्यासाठी सगळ्यावर पाणी पडलं असतं!"

"कशामुळे? कायदा मोडला होता का मी?"

"तसं नाही गं, पण आपण इथे अजून..."

"अजून काय? पाहुणे?" तिने कप खाली ठेवला. "संजय, आपण रांगेत उभे आहोत, गुडघ्यांवर नाही. आज हा डिटेक्टर मागितला म्हणून दिला, तर उद्या कुणी काहीही मागेल आणि आपण 'घ्या साहेब' म्हणत राहू. मला नाही जमणार."

संजयला ते पटलेलं नव्हतं. "मी परत मागे बसणार नाही," तो पुटपुटला.

"बरं. मग घरी चालत ये."

त्याला हसू येत होतं, पण त्याने ते दाबलं. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "हायवेने जाऊया ना? लांब पडलं तरी चालेल."

"आलो त्याच रस्त्याने जायचं."

तो उसासा टाकून मागे बसला. "निदान लिमिटमध्ये चालव."

"गावात नक्की," नीलांबरी म्हणाली.

आणि तसंच केलं. गावातून ती पस्तीसच्या आत, ताठ मानेने, अगदी आपल्या लेनच्या मधोमध गेली. शेवटची घरं मागे पडली, रस्ता टेकडीवर चढू लागला, तशी संजयची पकड तिच्या कमरेभोवती आपोआप घट्ट झाली. तिने थ्रॉटलची मूठ पिळली.