वकिलांच्या माडीवरची कुलपं

“लांबून काय बघतोस? हात लाव की,” म्हणत वकीलसाहेबांनी टेबलावरचं पितळी कुलूप सयाजीपुढे सरकवलं.

सयाजीने हात सदऱ्याला पुसले. वीस वर्षं तो महाडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसून किल्ल्या करून देत होता, छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करत होता. दासगावच्या बौद्धवाडीतून रोज सकाळी यायचा, दिवस मावळता परतायचा. या माडीवर मात्र तो पहिल्यांदाच चढला होता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे हौशी मंडळी जमत. वकील, वखारवाले भागोजीशेठ, पोलादपूरचे डॉक्टर, हेडमास्तर. प्रत्येकाने एक कुलूप आणायचं आणि दुसऱ्याचं किल्लीवाचून उघडायचं, घड्याळ लावून. मुंबईहून मागवलेले कुलूप उघडायचे आकडे मखमलीच्या पेटीत ठेवलेले असत. शेठचं हे सात लिव्हरचं कुलूप तीन महिने कुणालाच दाद देत नव्हतं. म्हणून आज सयाजीला बोलावणं गेलं होतं.

त्याने पेटीला हात लावला नाही. खिशातून छत्रीची ठोकून चपटी केलेली काडी काढली, डोळे मिटले आणि कुलूप कानाशी धरलं. आतले खटके एकेक करून उचलले जात होते. कडी सुटली.

“चाळीस सेकंद!” डॉक्टर ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी तेवढं कुलूप उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

“हेच कुलूप घरी माझ्या कपाटाला असतं,” ते म्हणाले आणि मंडळी खो खो हसली.

चहा आला. त्यांना कपबशीतून, सयाजीला कान तुटलेल्या कपातून. ते त्याच्या लक्षात आलं, पण त्या दिवशी त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

“टाळ्या वाजवल्या गो सगल्यांनी,” घरी त्याने आवडीला तीनदा सांगितलं.

“काय तरी काम असल त्यांचं,” आवडी म्हणाली.

“काम नाय गो. हौस हाय त्यांची.”

पंधरा दिवसांनी शेठच्या कपाटातून त्यांच्या सुनेची सोन्याची पाटली गेली. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. वकीलसाहेब भर पेठेत म्हणाले, “त्या कुलपाला हात लावलेले तसे आम्ही पाचजण. पण आमच्यातलं कोण घेणार?” पाचवं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

भर दुपारी वखारीतली दोन माणसं सयाजीला पायरीवरून उठवून घेऊन गेली. आत नेऊन त्यांनी त्याचा उजवा हात फळीवर दाबून धरला.

“पाटली कुठं हाय, बोल!”

“मी नाय घेतली, दादांनू! आईशपथ नाय!”

लाकडी मोगरीचे चार घाव बसले. शेठ बाहेर सागाच्या ओंडक्यांवर खडूने खुणा करत होते. किंकाळी ऐकून त्यांचा खडू क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

आठ दिवसांनी पाटली सापडली. भावाच्या लग्नात वहिनीला घालायला म्हणून सुनेनेच ती पोलादपूरला माहेरी पाठवली होती आणि सासऱ्याच्या धाकाने तोंड उघडलं नव्हतं. हे सांगायला सयाजीकडे कुणी आलं नाही. त्याला ते बाजारातच कळलं. पण त्याच्याकडे किल्ली करायला आता कोणी येत नव्हतं. दुकानदारानेही पायरी सोडायला सांगितली. “तुझ्यावर विश्वास आहे रे,” तो म्हणाला, “पण गिऱ्हाईक बिचकतं.”

अशात वकिलांचा निरोप आला: रविवारी ये.

“जाव नका,” आवडी म्हणाली.

“शेट एकदा चारचौघांत बोलू दे. मग पेठेत बसता येल मला.”

तो गेला. माडीवर तीच मंडळी होती. तो दारातच उभा राहून म्हणाला, “शेट, येवडंच बोला, की सयाजीनं कपाट उघाडलं नाय.”

“अरे, मी कधी तुला चोर म्हटलं?” शेठ म्हणाले. “पोरांनी आगाऊपणा केला. झालं गेलं.”

“मग बोला ना तसं.”

“बोलतील रे,” वकीलसाहेबांनी तेच कुलूप पुढे केलं. “आधी हे उघड. डॉक्टर, घड्याळ लावा.”

उघडलं तर कदाचित बोलतील, असं सयाजीला वाटलं. तो बसला. दोन बोटं वळतच नव्हती. काडी पुन्हा पुन्हा निसटत होती. डाव्या हाताने धरून पाहिली, पण त्या हाताला आतलं काही कळेना. कपाळावरचा घाम कुलपावर पडला. त्याला कुणी थांबवलं नाही.

“पाच मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. मग त्याची बोटं हातात घेऊन, उलटसुलट करून पाहत, “छे! या सांध्यांत आता जीव यायचा नाही.”

“म्हणजे माझं कुलूप अजून मजबूत आहे म्हणायचं!” शेठ म्हणाले आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसले.

सयाजी उठला. “बोलनार नाय ना, शेट?”

शेठनी कुलूप उचलून हेडमास्तरांपुढे ठेवलं. “घ्या, तुमची पाळी.”

सयाजी जिना उतरला.

दासगावला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आवडीने चुलीवरचा भात उतरवला. ताट वाढलं, भात कालवला आणि हात बरा होईपर्यंत म्हणून गेला दीड महिना भरवत होती तसा घास त्याच्या तोंडापुढे धरला.

सयाजीने मान हलवली. ताट स्वतःकडे ओढलं, तांब्यातलं पाणी ओतून डावा हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतला आणि त्या हाताने जेवायला लागला.